डॉ. वसंत रामजी खानोलकर : रक्ताचा वारसा आणि चंचीचा वारसा

तंबाखूच्या पुडीवर आणि विड्यांच्या बंडलावर छापलेला धोक्याचा इशारा आपण सर्वांनी पाहिलेला आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी त्याकडे दुर्लक्षही केलेले आहे. त्या इशाऱ्यामागे जगभरातील अनेक संशोधकांची कित्येक वर्षांची मेहनत आहे. आपल्या देशात, आपल्याच माणसांच्या तोंडाच्या, घशाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा हिशेब ज्यांनी नेटाने मांडला, त्यांत एका मराठी डॉक्टरांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. डॉ. वसंत रामजी खानोलकर हे ते नाव. वैद्यकाच्या जगात त्यांना भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखतात. आपल्या सीमाभागात मात्र, जिथे तंबाखू हे हजारो घरांचे पोट आहे, तिथे त्यांचे नाव क्वचितच ऐकू येते.

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. सूक्ष्मदर्शकात मी आयुष्यात एकदाच, तेही शाळेत रांगेत उभी राहून डोकावले आहे. मग एका विकृतिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचे धाडस मी का करावे, असे कोणी विचारील. त्याला कारणे दोन. पहिले असे की खानोलकरांचे निम्मे काम हिशेबाचे आहे. नोंदी करणे, त्यांची खतावणी करणे, एका खात्याची दुसऱ्याशी तुलना करणे, हे आम्हा वाणिज्यवाल्यांना कळते. दुसरे कारण घरगुती आहे. ते ओघात येईलच.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजात झाला. या समाजाचा इतिहास गोव्याशी संबंध असलेल्या वाचकांना सांगायला नको. देवळांच्या सेवेशी बांधल्या गेलेल्या या समाजाला शतकानुशतके जन्मावरूनच एक जागा नेमून दिली गेली होती. त्याच समाजातून पुढे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका आल्या, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर आले, आणि त्यांच्याही आधी वैद्यकशास्त्रात खानोलकर आले. माणसाच्या अंगी जन्माने काय येते आणि जगण्यातून काय येते, हा प्रश्न पुढे त्यांच्या संशोधनात वारंवार डोकावतो. त्याचा त्यांच्या समाजाच्या इतिहासाशी काही संबंध होता, असा दावा मी करणार नाही. पण त्यांचे काम वाचताना हा इतिहास माझ्या मनातून जात नाही, एवढे खरे.

वैद्यकीय शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि १९२३ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची विकृतिशास्त्रातील एम. डी. ही पदवी मिळवली. तिथून परतल्यावर मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि नंतर परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात जे बदल घडवले त्यांचे शास्त्र. या शास्त्राचा डॉक्टर रोग्याला सहसा भेटत नाही. रोग्याच्या गाठीचा एक लहानसा तुकडा त्याच्यापर्यंत येतो. तो तुकडा मेणात बसवून त्याच्या कागदाहूनही पातळ चकत्या करायच्या, त्या रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे लिहून द्यायचे. रोगी ज्याचे तोंडही पाहत नाही, त्याच्या सहीवर रोग्याचे पुढचे सारे अवलंबून असते. पडद्यामागच्या या कामात खानोलकरांनी उमेदीची वर्षे घालवली.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या, त्यांच्यामागे टाटा कुटुंबाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथील प्रयोगशाळांचे आणि संशोधनाचे संचालकपद खानोलकरांकडे आले. त्या काळी आपल्याकडे कर्करोग हा पाश्चात्त्यांचा, सुखवस्तूंचा रोग आहे, असा समज पुष्कळ सुशिक्षितांतही होता. परळच्या रुग्णालयात मात्र पहिल्यापासूनच हमाल, गिरणी कामगार, शेतकरी आणि त्यांच्या बायका येऊ लागल्या. त्यांच्यापैकी कित्येकांचा रोग तोंडात, जिभेवर, घशात किंवा अन्ननलिकेत होता. युरोप-अमेरिकेतल्या रुग्णालयांत हे प्रमाण असे नव्हते. आपल्याकडेच असे का, हा प्रश्न खानोलकरांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाला भिडण्याची त्यांची रीत मला फार आवडली. त्यांनी आधी नोंदी नीट केल्या. १९४४ मध्ये त्यांनी मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. ओळीने आलेल्या, हे शब्द महत्त्वाचे आहेत. मनाजोगत्या नोंदी निवडायच्या आणि गैरसोयीच्या वगळायच्या, हा मोह त्यांनी टाळला. जो आला त्याची नोंद झाली. रोग तोंडात नेमका कुठे आहे, रुग्ण कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, तंबाखू चघळतो की ओढतो, हे सारे त्यांच्या दृष्टीने हिशेबाचे रकाने होते. आपल्याकडे दुकानात रोजमेळ असतो आणि त्यावरून खतावणी करतात. रोजमेळात दिवसाचे सारे व्यवहार एकाखाली एक असतात. खतावणीत ते खात्यांनुसार वेगळे केले की मग कळते, पैसा कुठे मुरतो आहे. खानोलकरांनी रुग्णालयाच्या रोजमेळाची अशी खतावणी केली.

त्यातून काय दिसले? मुंबईसारख्या एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या वेगवेगळ्या समाजांना होणारे कर्करोग वेगवेगळे दिसले. तंबाखूचा विडा गालफडात तासन् तास दाबून ठेवणाऱ्याला रोग त्या गालफडात धरत होता. धूर ओढणाऱ्याला तो मागे, जिभेच्या मुळाशी आणि घशात गाठत होता. पारशी समाजात तोंडाचा कर्करोग कमी होता, पण पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग अधिक आढळत होता. हिंदू स्त्रियांत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग अधिक होता.

१९४५ मध्ये बी. सूर्याबाई यांच्यासह त्यांनी लिहिलेला एक निबंध तर आपल्या रोजच्या चालीरीतींवरच होता. धोतर किंवा साडी कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून नेसल्याने त्या जागची कातडी काळवंडते, चरते आणि क्वचित तिथे कर्करोग उद्भवतो. बिहारकडे चुना लावून मळलेली खैनी खालच्या ओठाच्या आत धरून ठेवतात, आणि रोग नेमका तिथे होतो. काश्मीरमध्ये थंडीत कपड्यांच्या आत पोटाशी निखाऱ्याची कांगडी घेऊन बसतात, त्या शेकाने पोटाच्या व मांडीच्या कातडीला होणारा कर्करोग डॉक्टरांना एकोणिसाव्या शतकापासूनच माहीत होता. या सर्वांचा इशारा एकाच दिशेला होता. जिथे रीत बसते तिथे रोग बसतो.

तरीही एक शंका उरते, आणि खानोलकरांनी ती टाळली नाही. आपल्या देशात रीत आणि जात एकमेकींना चिकटलेल्या आहेत. एका समाजात विडी चालते, दुसऱ्यात पान-तंबाखू चालते, तिसऱ्यात दोन्ही वर्ज्य. त्याच वेळी प्रत्येक समाजात शतकानुशतके लग्ने आपसातच होत आली. म्हणजे एका समाजाचे लोक सवयीनेही एकसारखे आणि रक्तानेही एकमेकांच्या जवळचे. मग पारशांमध्ये तोंडाचा कर्करोग कमी, तो अग्नीला पवित्र मानून धूम्रपान वर्ज्य केले म्हणून, की त्यांच्या रक्तातच काही निराळे आहे म्हणून? नुसत्या खतावणीने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, कारण दोन्ही रकमा एकाच खात्यावर पडलेल्या असतात.

हे गणित सोडवायचे तर रक्तातला फरकही मोजायला हवा. म्हणून कर्करोगाच्या या प्रयोगशाळेत मानवी आनुवंशिकतेचा अभ्यास सुरू झाला. एल. डी. संघवी आणि खानोलकर यांनी मुंबईतील आपसातच विवाह करणाऱ्या सहा समाजांमधील, रक्तगटांसारख्या सात आनुवंशिक लक्षणांची मोजणी करून ती १९४९ च्या सुमारास प्रसिद्ध केली. एकाच भाषेच्या, शेजारी राहणाऱ्या समाजांतही या लक्षणांची प्रमाणे थोडीफार वेगळी असतात, हे अशा कामातून आकड्यांनी दिसू लागले. येथे उच्चनीचतेचा लवलेशही नव्हता. कोणता रक्तगट श्रेष्ठ, असा प्रश्न शास्त्राला पडतच नाही.

दुसऱ्या बाजूने सवयींचा हिशेबही काटेकोर करायचा होता. १९५० मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेत धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारे अभ्यास प्रसिद्ध झाले होते. त्यांची रीत अशी होती की रोग झालेल्यांची सवय विचारायची, तशीच रोग न झालेल्यांचीही विचारायची आणि मग दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. संघवी, के. सी. एम. राव आणि खानोलकर यांनी हीच रीत मुंबईत वापरली. तोंडापासून अन्ननलिकेपर्यंतच्या कर्करोगाचा तंबाखू ओढण्याशी व चघळण्याशी असलेला संबंध तपासणारा त्यांचा निबंध १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. दोषी म्हणून तंबाखूवर बोट ठेवताना तिचा कोणता प्रकार कोणत्या जागी घात करतो, हेही त्यात मांडले होते. संख्याशास्त्राच्या तासाला तुलनेचा गट हा शब्द मी पाठ केला होता. त्याचा अर्थ मला या निबंधाविषयी वाचताना कळला.

आता घरगुती कारण सांगते. माझे मामा निपाणीजवळच्या एका खेड्यात राहत आणि तंबाखूच्या वखारीत काम करीत. चौदाव्या वर्षी त्यांनी विडी धरली ती शेवटपर्यंत सोडली नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना भाकरी गिळताना छातीत अडकल्यासारखे होऊ लागले. मग ते भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागले. पुढे भातही उतरेना, मग पेज, मग पाणी. अन्ननलिकेचा कर्करोग असल्याचे निदान झाले तेव्हा उशीर झाला होता. वर्षाच्या आत ते गेले. माझे आजोबाही घशाच्याच रोगाने गेले होते. आजी एरवी आमच्याशी मराठी बोलते, पण दुःखात तिच्या तोंडी कानडी येते. मामांच्या दहाव्याला ती हणेबरह, हणेबरह एवढेच पुटपुटत होती. हणेबरह म्हणजे कपाळावर लिहिलेले.

तिच्यापुरते ते सांत्वन होते. पण पुढच्याच वर्षी माझ्या मामेबहिणीचे जमत आलेले लग्न मोडले. मध्यस्थाकरवी निरोप आला की मुलगी चांगली आहे, शिकलेली आहे, पण घराण्यात रोग आहे. माझ्या बहिणीने तंबाखूला कधी हातही लावलेला नाही. तरी दोन पिढ्यांचे मरण तिच्या नावावर मांडले गेले. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न घोळू लागला. हा रोग खरोखरच रक्तातून येतो का? महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याचे उत्तर शोधता शोधता मी खानोलकरांपर्यंत पोहोचले.

त्यांच्या पद्धतीने आमच्या घराकडे पाहिले तेव्हा जे कोणाच्या लक्षात आले नव्हते ते मला दिसले. आजोबांकडून मामांना रक्त आले हे खरे, पण त्यांची चंचीही आली. तीच तंबाखू, तीच वखारीतली धूळ, तोच चुलीवरून उतरल्या उतरल्या घशात ओतलेला कढत चहा. अति कढत पेये अन्ननलिकेला घातक असण्याचा संभव मोठा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केले आहे. घराण्यात रोग आहे म्हणणारा माणूस रक्त आणि चंची यांचा हिशेब एकत्र करून टाकतो. खानोलकरांनी तो वेगळा करायला घेतला होता.

मग रक्ताचा वाटा काहीच नाही का? तसे नाही, आणि याबाबत खानोलकरांच्या हयातीतच दोन महत्त्वाच्या घटना घडल्या. १९५८ मध्ये इंग्लंडमधील लिव्हरपूल येथील डॉक्टरांनी दोन कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या घराण्यांत काही जणांच्या तळहातांची आणि तळपायांची कातडी जन्मजात दोषामुळे जाड होई, आणि अशांपैकी बहुतेकांना पुढे अन्ननलिकेचा कर्करोग गाठत असे. ज्यांची कातडी साधी, ते या संकटातून सुटत. २०१२ मध्ये या घराण्यांतील दोषी जनुक सापडले. शरीरात दाह चेतवणारा जो रासायनिक संदेश प्रतिकारशक्तीच्या कामी येतो, तो पेशीवरून सोडण्याच्या यंत्रणेशी त्या जनुकाचा संबंध आहे. म्हणजे वंशातून उतरणारा अन्ननलिकेचा कर्करोग जगात आहे. मात्र तो अतिशय विरळा आहे आणि त्याची खूण हातापायांवर उघड दिसते.

दुसरी घटना त्याच १९५८ सालची. पॅरिसमध्ये झाँ दोसे यांनी माणसाच्या पांढऱ्या पेशींवरील एक आनुवंशिक खूण शोधली. तिच्या मागोमाग अशा अनेक खुणा सापडल्या आणि त्यांना एचएलए हे नाव पडले. त्यांची जनुके आपल्या सहाव्या गुणसूत्रावर दाटीने बसलेली आहेत. त्यांचे काम मला आमच्याकडच्या व्यापारावरून समजले. तंबाखूच्या सौद्यात सारी पोती फोडून दाखवत नाहीत, वानगी दाखवतात. आपली प्रत्येक पेशीही आपल्या आतल्या मालाची वानगी अशीच दारात मांडते. ज्या तबकात ती मांडली जाते ते तबक म्हणजे एचएलए. रक्तातल्या पहारेकरी पेशी फिरत फिरत ती वानगी पाहतात. माल ओळखीचा असेल तर पुढे जातात. विषाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा असेल तर त्या पेशीचा नाश करतात. आता हे तबक प्रत्येकाचे निराळे असते, आणि ते आईबापांकडून येते. एका आकाराच्या तबकात जी वानगी ठळक दिसते, ती दुसऱ्यात नीट बसतही नाही. म्हणून एकाच्या शरीराने हेरलेला बिघाड दुसऱ्याच्या शरीरात नजरेतून निसटू शकतो. या क्षेत्रातील कार्यासाठी दोसे, स्नेल आणि बेनासेराफ यांना १९८० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तोपर्यंत खानोलकर हयात नव्हते.

कर्करोगाच्या बाबतीत या तबकांचा वाटा मोजायला मात्र आणखी तीस वर्षे जावी लागली. हजारो रुग्ण आणि तितकेच निरोगी लोक घेऊन त्यांची सारी जनुके ताडून पाहण्याचे तंत्र आले तेव्हाच ते जमले. चीनमधील ताइहांग डोंगराळ भागात अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात फार मोठे आहे. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात त्या भागातील लोकांमध्ये या रोगाचा एचएलए जनुकांच्या एका पट्ट्याशी संबंध आढळला. युरोपीय लोकांत जठरातील आम्ल वर चढून अन्ननलिकेच्या अस्तरात जो बदल होतो आणि ज्यातून कधी कधी कर्करोग उपजतो, त्याचाही संबंध सहाव्या गुणसूत्राच्या याच भागाशी असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. जपान आणि चीनमध्ये आणखी एक आनुवंशिक फरक पुष्कळांत आढळतो. तो प्रतिकारशक्तीचा नसून दारू पचवण्याचा आहे. तो असलेल्या माणसाचा चेहरा दारू पिताच लाल होतो, आणि तरीही तो पीत राहिला तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ वाढतो. न पिणाऱ्याला मात्र तो फरक फारसा जाचत नाही.

हे सारे वाचल्यावर जमाखर्च असा दिसतो. लिव्हरपूलसारखी विरळी घराणी सोडली, तर वारशाने येणारा एकेक फरक धोक्याचे पारडे थोडेसे हलवतो. तंबाखू आणि दारू ते पारडे खाली ओढतात. वडिलांच्या नावे कर्ज असले तरी मुलाने नवीन हुंडीवर सही केल्याशिवाय व्याज भडकत नाही, असा काहीसा हा व्यवहार आहे. खानोलकरांना जनुकांचे हे नकाशे पाहायला मिळाले नाहीत. तरी रीत बदलली तर रोग टळेल, ही त्यांच्या कामातून निघणारी शिकवण या नव्या शोधांनी खोडली नाही, उलट अधिक स्पष्ट केली.

शरीराच्या प्रतिकाराचा प्रश्न खानोलकरांपुढे आणखी एका वाटेने आला होता, ती वाट म्हणजे कुष्ठरोग. या रोगाची अगदी सुरुवातीची लक्षणे असलेल्या रुग्णांच्या कातडीचा आणि मज्जातंतूंचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. कुष्ठरोगाचा जंतू एकच, पण एकाच्या शरीरात तो दोन-चार चट्ट्यांवर अडतो आणि दुसऱ्याच्या शरीरभर पसरतो. हा फरक जंतूचा नसतो, यजमान शरीराच्या प्रतिकाराचा असतो. पुढे कुष्ठरोगाच्या या दोन रूपांचा एचएलएशी संबंध असल्याचेही संशोधकांनी दाखवले. आपल्या समाजाने कुष्ठरोग्यांच्या घराण्यांना किती पिढ्या वाळीत टाकले, हे आठवले म्हणजे असल्या संशोधनाची किंमत कळते.

खानोलकर एकट्याने काम करणाऱ्यांपैकी नव्हते. १९५२ मध्ये परळच्या प्रयोगशाळांमधून भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले, ते त्यांच्या पुढाकाराने. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुढे या केंद्रात पेशी काचपात्रात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. स्त्रिया विज्ञानात अभावानेच दिसत, त्या काळातली ही गोष्ट आहे. भारतातील विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ते पहिले अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. पुढे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा बहुमान त्यांना लाभला आणि भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हिशेबाला एक मर्यादा होती, तीही सांगायला हवी. रुग्णालयातल्या नोंदींवरून रुग्णालयात कोण येते ते कळते, गावात कोण घरीच मरते ते कळत नाही. टक्केवारी काढायची तर वरचा आकडा पुरत नाही, खालचाही लागतो. ती उणीव भरून काढण्यासाठी १९६३ मध्ये मुंबई शहरातील सर्व कर्करुग्णांची नोंदवही सुरू झाली आणि १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला ग्रामीण भागासाठी तशीच नोंदवही निघाली. आपल्या लोकांचा हिशेब आपणच ठेवला पाहिजे, दुसऱ्या देशाचे आकडे उसने घेऊन भागत नाही, हा धडा त्या नोंदवह्यांच्या आधी खानोलकरांनी घालून दिला होता.

आपल्या भागात हा विषय काढणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी योग्य भावासाठी १९८१ मध्ये केवढे मोठे आंदोलन केले, ते आपल्या वडीलधाऱ्यांना आठवते. विड्या वळणाऱ्या बायांच्या बोटांवर आजही कित्येक घरांची चूल पेटते. त्यांना दोष देऊन कोणाचेच भले होणार नाही. खानोलकरांनीही कोणत्या समाजाला किंवा धंद्याला दोष दिला नाही. तोंडात विडा धरणाऱ्या हमालाची आणि धोतर आवळणाऱ्या शेतकऱ्याची त्यांनी सारख्याच काळजीने नोंद केली. दोष नेमका कुठे आहे ते दाखवून दिले, म्हणजे उरलेल्या जागा निर्दोष ठरतात.

त्यांच्या कामाचे हेच फळ मला सर्वांत मोलाचे वाटते. घराण्यात एखाद्याला असा रोग झाला तर घरच्यांनी डॉक्टरांना तसे सांगावे, गिळताना त्रास होऊ लागला तर महिनोन् महिने भाकरी दुधात कुस्करत बसू नये, आणि तंबाखू व दारूपासून इतरांपेक्षा चार हात अधिकच दूर राहावे. वारशाची माहिती एवढ्यासाठीच वापरायची असते. ती मुलींची लग्ने मोडण्यासाठी वापरणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली हजारो माणसांच्या गाठी पाहिल्या, त्यांच्या जाती आणि सवयी वेगवेगळ्या रकान्यांत मांडल्या, आणि कपाळावर लिहिलेले म्हणून जे जे सोडून दिले जात होते, त्यातला पुष्कळसा भाग माणसाच्या हातात परत आणून दिला.